हाली, कलदार आणि डॉलर

जालना निजामाच्या राज्यात होते तेव्हा इथे दोन रुपये चालत. एक निजामाचा हाली शिक्का, दुसरा ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार, हा साधारण ठरलेला भाव. दोन्ही नाणी गाठीशी असली म्हणजे जोखीम विभागली गेली, असे वरवर वाटेल. पण निजामाचे राज्य गेल्यावर, हाली अजून चालत असतानाच, सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले आणि पाठोपाठ भारतानेही रुपया खाली आणला. सव्वातीन रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर पावणेपाच रुपयांना पडू लागला. हाली कलदाराला बांधलेला होता, त्यामुळे त्याचेही मोल तेवढेच उतरले. ज्याच्याकडे दोन चलने होती त्याचेही संरक्षण झाले नाही.

आज डॉलरच्या पडझडीतून बचत वाचवायची म्हणून जो तो परकीय चलनाकडे पाहतो आहे, तेव्हा हा जुना हिशेब पुन्हा मांडायला हवा. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत प्रमुख चलनांच्या तुलनेत डॉलर १० टक्क्यांहून अधिक घसरला; १९७३ नंतरची ही सर्वांत वाईट पहिली सहामाही. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्याकडे डॉलरने नव्वदी ओलांडली, कारण रुपया त्याहून अशक्त निघाला. म्हणूनच अनेकजण म्हणतात, रुपया पडतोच आहे, मग डॉलर पुरे की. हे अर्धेच खरे आहे. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो राखीव खात्यात दाखवावे लागतात. २०२५ च्या सुरुवातीला युरो ८९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साडेदहा लाखांहून थोडी अधिक सोय पुरली असती. त्याच वर्षी युरोने शंभरी पार केली आणि हीच रक्कम बारा लाखांच्या घरात गेली. ज्या पालकाने डॉलरमध्ये पैसे ठेवले होते, त्याला वर्षभरात जेमतेम ५ टक्के वाढ मिळाली. चलन परकीय होते, पण खर्चाचे नव्हते.

आखातात कमावणाऱ्या मराठवाड्यातल्या कुटुंबांना तर हे अधिक लागू आहे. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रियाल, दिरहम आणि डॉलर अशी तीन खाती म्हणजे पुन्हा हाली आणि कलदारच.

सोने आहेच की, हा आक्षेप वजनदार आहे. डॉलर पडतो तेव्हा सोने बहुधा चढते आणि रुपयाची घसरणही त्याच्या भावात उतरते. पण घडणावळ परत मिळत नाही, सोने व्याज देत नाही, आणि मुलाच्या फीसाठी घरातले दागिने मोडायला सहसा कोणी धजत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, मात्र गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवर रक्कम गेली की वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर) कापला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो. तोवर पैसा अडकतो, हे खरे. म्हणून ज्याचा सगळा संसार रुपयात आहे त्याने परकीय चलनात बचतीच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. ज्यांच्या मुलांचे परदेशी शिक्षण ठरले आहे, त्यांनी मात्र फी ज्या चलनात भरायची त्याच चलनाची तरतूद आतापासून थोडीथोडी करावी. आणि मोबाईलवर चलनाच्या सट्ट्याचे आमिष दाखवणाऱ्या कोणालाही पैसे देण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेची सावधगिरीची यादी अवश्य पाहावी.