लेप मुक्या मारावर, मोडल्या हाडावर नव्हे



कबड्डीत गुडघा आपटला की आपल्या घरी आंबेहळद उगाळतात. रक्तचंदन, तुरटी घालून कोमट लेप लावतात. कोल्हापूरच्या तालमींत तर आखाड्याच्या मातीतच हळद, ताक, लिंबू व तेल मिसळतात. चीनमधील मल्लविद्येचे गुरूही करडईची फुले, ऊद यांसारखी द्रव्ये महिनोन्‌महिने मद्यात भिजवून मालिशचे औषध करतात. या परंपरेविषयी मला आदर आहे.

परंतु लेपाने मोडलेले हाड जुळत नाही. ताज्या मारावर तेल लावून जोरात चोळले तर आतला रक्तस्राव व सूज वाढते. हाड मोडले असताना ओढाताण केली तर ते जागचे सरकते. कामट्यांनी फार घट्ट बांधल्यास रक्तपुरवठा थांबून हात कायमचा निकामी होऊ शकतो. काही चिनी औषधांत बचनागासारखे विष असते. ते जखमेतून शरीरात गेले तर जिवावर बेतते.

म्हणून आधी विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि दुखरा भाग उंचावर. हात-पाय वाकडा दिसला, पायावर भार देता आला नाही, बोटे बधिर वा निळी पडली, तर १०८ ला फोन करून थेट आदिलाबादचा दवाखाना गाठावा. हाड शाबूत असेल तर सूज ओसरताना, न फाटलेल्या कातडीवर, आजीचा लेप खुशाल लावा.

विश्वस्त मंडळास विनंती, की क्रीडासाहित्याच्या खर्चातच प्रथमोपचार पेटी व बर्फाची सोय धरावी. आणि मुलांनो, रागावतील म्हणून मार लपवू नका. लपवलेला मारच जास्त महागात पडतो.

– मुख्याध्यापक