रिक्त अवकाश आणि ‘झेन’ची सोय

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा ‘झेन’ हा शब्द फार लवकर येतो आणि तो आला की विवेचन थांबते. गायतोंडे यांना झेन विचाराविषयी आस्था होती, हे निर्विवाद आहे. परंतु त्या शब्दाने चित्रातील नेमके काय उलगडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हासेगावा तोहाकू या जपानी चित्रकाराचे सोळाव्या शतकाच्या अखेरचे पाइन वृक्षांचे पडदाचित्र पाहावे. शाईने रेखाटलेल्या मोजक्या झाडांमधला कागद कोराच आहे. तोच धुके होतो. येथे रिक्तता म्हणजे न रंगविणे. गायतोंडे यांच्या प्रगल्भ काळातील कॅनव्हासवर अशी अस्पर्श जागा जवळजवळ नसतेच. रोलर आणि रंगपाते यांनी थर चढवावयाचे, काही उचलून काढावयाचे, पुन्हा चढवावयाचे; या प्रक्रियेतून रिक्त भासणारा पृष्ठभाग सिद्ध होतो. एकीकडे हात आवरण्याचा संयम आहे, तर दुसरीकडे केलेले पुसण्याचा. ‘झेन’ हे एकच लेबल लावल्याने हा मूलभूत भेद झाकला जातो.

‘अमूर्त निसर्गचित्र’ ही संज्ञाही अशीच सैल आहे. गायतोंडे यांनी आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ऐवजी ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाची संज्ञा पसंत केली होती. त्यांच्या चित्रांत क्षितिज वा समुद्र दिसत असेल, तर तो प्रेक्षकाचा अनुभव म्हणून नोंदवावा. चित्राचा विषय म्हणून नव्हे.

हा वाद केवळ महानगरी कलादालनांपुरता नाही. नाशिक जिल्ह्यातील हरसूल हा वारली, कोकणा, महादेव कोळी वस्तीचा परिसर. तेथील वर्गात सौंदर्यशास्त्र शिकविताना वारली चित्रांतील त्रिकोण, वर्तुळ व रेषा दाखवून ‘हीच जपानी मितव्ययता’ असे सांगण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक रिक्त नसतो. पालघाट देवीभोवतीची त्याची चौकट दाट नक्षीने भरलेली असते. तो लग्नविधीचा भाग आहे. त्यातील साधेपणा हा त्यागाचा सिद्धान्त नव्हे. या चित्राला परक्या संज्ञेत बसविले, तर विद्यार्थ्याला घरच्या भिंतीविषयी जे ज्ञान आहे तेच वर्गात निरुपयोगी ठरते. ही हानी लहान नाही.

शिरीष पै यांनी मराठीत रुजविलेल्या हायकूबाबतही हेच घडले. तीन ओळी दिसल्या की हायकू, मोकळी जागा दिसली की झेन! आकाराच्या साम्यावरून तत्त्वज्ञान ठरविणे ही समीक्षा नव्हे. रिक्त जागा कशाने घडली, कोणत्या कृतीने राखली गेली आणि कोणासाठी, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. त्यानंतर ‘झेन’ हा शब्द आला, तर त्याला अर्थ राहील.