हास्याची मात्रा, हास्याचा काल

‘हसा आणि निरोगी राहा’ अशी पाटी आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात लावलेली असते. पाटी खोटी नाही, अपुरी आहे. औषधाच्या पुडीवर केवळ ‘घ्यावे’ एवढेच लिहावे आणि मात्रा, काल, अनुपान यांचा उल्लेखच करू नये, तसा हा प्रकार आहे. अलीकडे आपल्या शहरात रुग्णांचा जो एक नवा वर्ग दिसू लागला आहे, त्याच्या निमित्ताने या अपुरेपणाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा वर्ग आहे विनोद लिहायला नुकत्याच शिकू लागलेल्या आणि अम्लपित्ताने त्रस्त असलेल्या तरुण-तरुणींचा.

पुण्याला विनोदाचे वावडे कधीच नव्हते. सासवडजवळ जन्मलेल्या आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली प्रसिद्ध झाली. द. मा. मिरासदारांनी येथील गरवारे महाविद्यालयात अध्यापन केले आणि कथाकथनाने महाराष्ट्र हसवला. पु. ल. देशपांडे यांचे अखेरचे वास्तव्य याच शहरात होते. विनोदाचे आणि पोटाचे नातेही जुनेच आहे. मराठी विनोदी गद्याचे प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी आपल्या लेखसंग्रहाला ‘सुदाम्याचे पोहे’ असे नाव दिले, आणि ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ हा लेख तर सर्वांच्या परिचयाचा आहे. आज या परंपरेला ‘ओपन माइक’ नावाची नवी शाखा फुटली आहे. नवशिक्याला व्यासपीठावर पाच-सात मिनिटे मिळतात. समोर अनोळखी श्रोते असतात. विनोद साधला तर हशा, न साधला तर शांतता. ही शांतता किती बोचते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक.

या नवशिक्याची दिनचर्या वैद्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दिवसा हिंजवडी किंवा खराडी येथे नोकरी. दुपारचे जेवण संगणकासमोर, घाईघाईने. संध्याकाळी वाहनांच्या गर्दीतून थेट कार्यक्रमस्थळी. व्यासपीठावर जाण्यापूर्वी भीतीमुळे काही खाववत नाही, म्हणून रिकाम्या पोटी दोन कप कॉफी. कार्यक्रम संपल्यावर मित्रांसमवेत रात्री अकरा वाजता मिसळ किंवा अंडाभुर्जी. घरी पोहोचल्यावर, आज कोठे हशा आला आणि कोठे आला नाही याचा हिशेब अंथरुणावर आडवे पडून मोबाइलवर लिहायचा. झोप दीड-दोन वाजता. सकाळी उठताच घशाशी आंबट-कडू, छातीत दाह आणि आवाज बसलेला. ज्या आवाजावर सारी भिस्त, तोच बसलेला!

चरकसंहितेत अम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय नाही. तो काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आणि पुढे माधवनिदानात सापडतो. माधवकरांनी सांगितलेल्या ऊर्ध्वग आणि अधोग या भेदांपैकी आपला हा रुग्ण बहुधा ऊर्ध्वग प्रकारात मोडतो. मात्र हेतूचा विचार करताना चरकांकडे वळावेच लागते. विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात त्यांनी सांगितले आहे, की पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या आणि प्रजागर यांमुळे ते पचत नाही. वरील दिनचर्येशी ही यादी ताडून पाहावी. चिंता आहे, भय आहे, मोबाइल छातीवर धरून वाकडे पडण्याची दुःखशय्या आहे आणि प्रजागर तर आहेच. त्यात अन्न पथ्यकर नाही आणि मात्राही योग्य नाही. अशा रुग्णाला केवळ चूर्ण देऊन परत पाठवणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसणे होय.

आता हास्याविषयी शास्त्र काय सांगते ते पाहू. आहारविधीचे नियम सांगताना चरकांनी न बोलता, न हसता, मन लावून जेवावे असे सांगितले आहे. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात जेवणानंतर शतपावली करावी, डाव्या कुशीवर पडावे आणि मनाला प्रिय अशा शब्द, रूप, गंधादी विषयांचे सेवन करावे असे सांगून, त्याच प्रकरणात भोजनोत्तर अतिहास्याने वमन होते असा इशाराही दिला आहे. प्रसन्नता हवी, पण भरल्या पोटी खदखदून हसणे नको, असा हा सूक्ष्म विवेक आहे.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाची साक्षही याला अनुकूल आहे. जोराने हसताना उदराचे स्नायू आकुंचन पावतात आणि उदरातील दाब वाढतो. अन्ननलिका आणि आमाशय यांच्या सीमेवरील वलयाकार स्नायू शिथिल असेल, तर आमाशयातील अम्ल वर चढते. डाव्या कुशीवर झोपल्याने अन्ननलिकेचा अम्लाशी होणारा संपर्क कमी होतो, हेही आता मान्य झाले आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत सुरू केलेल्या हास्ययोगाच्या चळवळीचे वर्ग पुण्याच्या बागांतूनही भरू लागले. ते पहाटे, न्याहारीपूर्वी भरतात. तेथे हास्य मोठे आहे, परंतु काल उचित आहे. रात्री अकराच्या मिसळीनंतर मित्रांच्या टोळक्यात होणाऱ्या हास्यस्फोटाला हा न्याय लावता येत नाही.

मग वैद्याने या रुग्णास काय सांगावे? ‘हा नाद सोड’ असे सांगणारे वैद्य आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. सुश्रुतांनी स्वस्थाची व्याख्या करताना दोष, अग्नी, धातू आणि मल यांच्या जोडीला आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही सांगितली आहे. दिवसभर इतरांची कामे उपसणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा पाच मिनिटे स्वतःचे शब्द सापडत असतील, तर ती प्रसन्नता हिरावून घेऊन आपण त्याला चिंतेचा आणखी एक हेतू जोडून देतो. शिवाय असा रुग्ण नाद सोडत नाही, वैद्यालाच सोडतो. किंवा पुढल्या खेपेस खोटे सांगतो.

येथे एका रुग्णाचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. तिशीच्या आतील हा अभियंता आमच्याकडे आला तेव्हा प्रश्नपरीक्षेत त्याने ‘जेवण वेळेवर, झोप ठीक’ अशी ठराविक उत्तरे दिली. तो विनोद लिहितो हे बोलण्यातून समजले, म्हणून वही आणावयास सांगितले. वहीत अम्लपित्तावरच एक विनोद होता. त्याचा पहिला खर्डा असा: ‘मला खूप ॲसिडिटी आहे. डॉक्टर म्हणतात वेळेवर जेवत जा. पण ट्रॅफिक एवढे असते की मी वेळेवर घरी पोहोचत नाही. मग मी दुपारी वडा खातो आणि तो घशाशी येतो. म्हणजे बघा, किती त्रास आहे.’ यात तक्रार आहे, विनोद नाही. चार खर्ड्यांनंतर वहीत उरले ते असे: ‘हिंजवडीहून कोथरूडला परत यायला मला दोन तास लागतात. दुपारच्या वड्याला परत यायला दोन मिनिटे. त्याच्या वाटेवर सिग्नल नाहीत.’

नवशिक्याची वाटचाल या दोन खर्ड्यांत स्पष्ट दिसते. आरंभी तो आपले दुःख समजावून सांगत बसतो. पुढे त्याला कळते, की दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पुरे, श्रोता त्यांचे नाते स्वतः जोडतो. आणि जेथे हशा यावयाचा तो शब्द वाक्याच्या शेवटी हवा, त्यानंतर एकही शब्द नको. मिरासदारांचे कथाकथन ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले त्यांना त्यांचा निर्विकार चेहरा आणि नेमका विराम आठवत असेल. तो विराम शिकायला नवशिक्याला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत त्याचे पोट शाबूत राखणे हे आपले काम आहे.

परंतु वैद्याच्या दृष्टीने या विनोदाचे मोल वेगळेच होते. प्रश्नपरीक्षेत जे कळले नाही ते या तीन वाक्यांत होते. दुपारचे जेवण म्हणजे वडा, त्यानंतर दोन तास वाहनात बसणे आणि रात्रीचे जेवण वेळेवर नसणे. ‘सिग्नल नाहीत’ हे तर शिथिल झालेल्या स्नायूचे अचूक वर्णन, तेही शरीररचनेचे पुस्तक न उघडता केलेले! रुग्ण प्रश्नाला उत्तर देताना सभ्य असतो, विनोद करताना प्रामाणिक असतो. म्हणून रुग्ण स्वतःच्या दुखण्यावर जो विनोद करतो तो हसून सोडून न देता प्रश्नपरीक्षेचा भाग समजावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

उपचारात आम्ही चरकोक्त पादांशिक क्रमाचा आधार घेतला. अहितकर सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडवावी, हे सूत्र येथे फार उपयोगी पडते. कार्यक्रमाच्या दिवशीचे जेवण सायंकाळी सहाच्या सुमारास आणले: मुगाची खिचडी आणि तूप, किंवा ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी. व्यासपीठावर जाण्यापूर्वीची कॉफी दोन कपांवरून दीड, मग एक, मग अर्धा, आणि शेवटी कोमट पाणी. कार्यक्रमानंतर भूक लागलीच तर साळीच्या लाह्या. मित्र सुटले नाहीत, मिसळ सुटली. लेखन रात्री अंथरुणावरून सकाळी टेबलावर आले. जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर, पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली वीतभर उंचीच्या विटा आणि डाव्या कुशीवर निद्रा. औषधे दिली, पण ती या सर्वांच्या सोबतीला. दीड महिन्यात रात्रीचा दाह बराच उणावला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही हे आम्ही जाणतो. पण यातील एकही सूचना नवी नाही, सर्व ग्रंथांत आहे. नवी आहे ती केवळ विचारपूस.

कोणी म्हणेल, कार्यक्रमाची वेळ आयोजक ठरवतो, रुग्ण काय करणार? खरे आहे. परंतु जेवणाची वेळ आयोजक ठरवत नाही. वर्षानुवर्षे नऊचा प्रयोग करणारी नाट्यसृष्टी याच महाराष्ट्रात नांदली आहे. रात्रीचे काम टळत नसेल तेथे आहाराचा काल पुढे-मागे करणे, हाच मार्ग उरतो.

आता औषधविक्रेते बंधूंना दोन शब्द. या वयाचा रुग्ण बहुतेक वेळा प्रथम आपल्याकडे येतो, वैद्याकडे नव्हे. ‘अविपत्तिकर द्या’ म्हणताच डबी पुढे करू नये. प्रचलित पाठानुसार या चूर्णाचा निम्मा भाग साखर असतो आणि उर्वरित द्रव्यांत निशोत्तराचे प्रमाण सर्वांत मोठे असते. म्हणजे मधुमेही रुग्णाने जपावे, आणि कोणीही ते महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नये. सूतशेखरात पारद, वत्सनाभ आणि धत्तूर आहेत. ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ई-१ परिशिष्टात असल्याने वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती ग्राहकाला वाचून दाखवावी. ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आले, तेव्हापासून त्या वर्गातील गोळ्या घराघरांत पोहोचल्या. दीर्घकाळ चालू असलेली अशी गोळी एकाएकी बंद केल्यास अम्ल उसळून येते आणि दोष आयुर्वेदीय औषधाच्या माथी मारला जातो. ती त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने क्रमाक्रमानेच कमी करावयास सांगावे.

आणि काही लक्षणे अशी, की तेथे डबी हातात न देता रुग्णाला तात्काळ तपासणीस धाडावे: गिळताना अडखळणे, कारणाविना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल. श्रमाने वाढणारे, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारे, घामासह येणारे छातीतले दुखणे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून थोपवू नये. ते हृदयाचे असू शकते आणि तेथे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या रुग्णपत्रकात एक प्रश्न वाढवावा: ‘सायंकाळी सहापासून झोपेपर्यंत आपण काय करता?’ उत्तर लिहून घ्यावे आणि ‘मी विनोद लिहितो’ असे उत्तर आले तर एखादा ऐकूनही घ्यावा. विक्रेते बंधूंनी तिसऱ्यांदा तीच डबी मागणाऱ्या ग्राहकास ‘किती आठवडे झाले?’ एवढे विचारावे. पुढील काही महिन्यांत सभासदांनी अशा रुग्णांच्या नोंदी नाव-गाव वगळून संपादकांकडे पाठवल्यास, त्यांवर याच त्रैमासिकात साधकबाधक चर्चा करता येईल.