विमान उडवायचे, पण हिशोब जमिनीवर करायचा

सकाळच्या वेळी जळगावच्या आकाशात लहान विमाने घिरट्या घालताना आता आपल्या सर्वांनाच दिसतात. पिंप्राळ्यातली पोरे गच्चीवर उभी राहून हात हलवतात. कुसुंब्याचा विमानतळ आपल्याला नवा नाही, पण २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने देशातील पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या, त्यांत जळगावचे नाव होते. शेजारी धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते आणि शिरपूरजवळ तांडे येथेही विमानविद्येची अकादमी आहे. म्हणजे विमान शिकण्याची सोय आपल्या खान्देशात दारापर्यंत आली आहे. सोय दारात आली म्हणजे ती परवडते असे मात्र नाही, आणि आजचा विषय तोच आहे.

गेल्या महिन्यात आमच्याच वस्तीतील एक बंधू रात्री साडेनऊला घरी आले. ते एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात काम करतात. सोबत बारावी सायन्सला असलेली मुलगी आणि तिची आई. हातात एका संस्थेचे रंगीत पत्रक होते. "दहावी पास? पायलट व्हा!" असे वर मोठ्या अक्षरांत छापलेले. फी बारा लाख. रविवारपर्यंत पन्नास हजार अनामत भरली तर जागा पक्की, असे फोनवरच्या माणसाने सांगितलेले. बंधू म्हणाले, "भाऊ, तुम्ही हिशोबातले. पी.एफ. उचलला आणि गावाकडचा प्लॉट काढला तर जमते का, तेवढे पाहून द्या." आई कौतुकाने म्हणाली, "आमची पोरगी इमान चालवणार म्हने."

आम्ही पत्रक दोनदा वाचले. त्यात खोटे असे काहीच नव्हते. पण ज्या एका शब्दावर सारे अवलंबून होते तो बारीक अक्षरांत होता. तो शब्द म्हणजे 'प्रायव्हेट'. वाचकांपैकी कोणाच्या हाती असे पत्रक आले तर उपयोगी पडावे म्हणून त्या रात्री मांडलेला हिशोब येथे देत आहोत.

वैमानिकाचे परवाने वेगवेगळे असतात. पहिली पायरी विद्यार्थी परवान्याची, तो सोळाव्या वर्षी मिळू शकतो. दुसरा प्रायव्हेट पायलट लायसन, म्हणजे खाजगी वैमानिक परवाना. तिसरा कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक. हे सर्व परवाने दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. संस्था फक्त शिकवते.

खाजगी परवान्यासाठी वय १७ पूर्ण हवे आणि शिक्षण दहावी पास. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या वर्गाची. हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान आणि विमान व इंजिन या विषयांची लेखी परीक्षा. बिनतारी संदेशासाठी रेडिओचा वेगळा परवाना. आणि किमान ४० तासांचे उड्डाण. त्यात निदान २० तास एकट्याने उडवायचे, त्यातले ५ तास दूरच्या प्रवासाचे. त्या प्रवासात एक फेरी १५० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी पूर्ण उतरून केलेली असावी लागते.

आता खर्च. एका इंजिनाच्या लहान विमानाचा तासाचा दर साधारण बारा ते सोळा हजार रुपये पडतो. चाळीस तासांचे पाच ते साडेसहा लाख झाले. त्यात वर्गाची फी, पुस्तके, गणवेश, तपासण्या, परीक्षा, राहणे-खाणे धरा. शिवाय ४० तास ही किमान मर्यादा आहे, बहुतेकांना जास्त तास लागतात. म्हणजे आठ ते बारा लाख होतात, कधी त्याहूनही अधिक. पत्रकातली बारा लाखांची फी जास्तीच्या बाजूची, पण अशक्य नव्हे.

मग आम्ही मुलीला विचारले, "ताई, हा परवाना मिळाल्यावर पगार किती?" ती गप्प राहिली. उत्तर असे आहे की पगार शून्य. खाजगी परवान्यावर विमान उडवून मोबदला घेता येत नाही. आपण स्वतः उडवावे, घरच्यांना बसवावे, एवढाच त्याचा अधिकार. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या हौसेचा तो परवाना आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली मुंबईत भारतात दिला गेलेला पहिला परवाना मिळवला, पण त्यांना त्यावर घर चालवायचे नव्हते. चटईच्या कारखान्यातल्या माणसाने प्लॉट विकून हौसेचा परवाना घेणे म्हणजे मुलीच्या हातात फ्रेम लावायचा कागद देणे होय.

नोकरीसाठी लागतो तो कमर्शियल परवाना. त्याला वय १८, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि किमान २०० तास उड्डाण. नियमात बारावीला भौतिकशास्त्र व गणित मागितले आहे. ही अट सैल करण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या, म्हणून प्रवेशाआधी चालू नियम पाहून घ्यावा. तासाला पंधरा हजार धरले तरी २०० तासांचे तीस लाख होतात. दोन इंजिनांच्या विमानाचे तास महाग, बाकी खर्च वेगळा. बेरीज चाळीस ते साठ लाखांच्या घरात जाते. त्यापुढे मोठे विमान उडवण्यासाठी त्या विमानाचे खास प्रशिक्षण, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. आणि एवढे करून नोकरी लगेच मिळेलच असे नाही. परवाना खिशात घेऊन वाट पाहणारी मुले आहेत.

पन्नास लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता ६६ हजार रुपये येतो. आणि साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका बहुधा तारण मागतात. तारण म्हणजे तोच प्लॉट.

एवढे ऐकल्यावर घरात शांतता झाली. मुलगी खाली पाहून म्हणाली, "मग काका, आमच्यासारख्यांनी हे पाहूच नये का?"

हा प्रश्न आम्हांस फार लागला. नको म्हणून सांगणे सोपे असते. पण बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. घरात पैसा नव्हता म्हणून त्यांनी शिक्षण सोडले नाही, शिक्षणासाठी पैसा कोठे आहे ते शोधले. आपणही तेच करायचे. म्हणून वाटा सांगतो.

पहिली वाट वायुदलाची. बारावीला असतानाच लोकसेवा आयोगाची एन.डी.ए. परीक्षा देता येते. ती वर्षातून दोनदा होते आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना शुल्क नाही. वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा खुली झाली. निवड झाल्यास विमान शिकवण्याचा खर्च सरकार करते. तयारीसाठी राज्य शासनाची संस्था मुलांकरिता छत्रपती संभाजीनगरला व मुलींकरिता नाशिकला आहे. कॉलेजात एन.सी.सी.ची हवाई शाखा असेल तर तीही जरूर धरावी.

दुसरी वाट शासकीय मदतीची. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था. तेथे प्रवेश परीक्षा व राखीव जागा आहेत, पण फी तेथेही मोठी आहे. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या उच्च दर्जा शिक्षण योजनेत खाजगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा ठरवलेली होती. पन्नास लाखांपुढे हा आकडा किती तोकडा आहे ते वाचकांनीच पाहावे. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात लेखी विचारणा करावी. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, वैमानिकासाठी नाही, तिच्या भरवशावर कोणी परदेशी संस्थेत पैसे गुंतवू नयेत. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र आजच काढून ठेवावे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्या केवळ कागद अपुरा म्हणून गमावू नका.

इतर मागासवर्गीय मुलांसाठी 'महाज्योती'ने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत कमर्शियल परवान्याचे प्रशिक्षण सुरू केले. आपल्या मुलामुलींसाठी 'बार्टी'कडे काय आहे, हे प्रत्येक मंडळाने पत्र लिहून विचारावे. नसेल तर मागावे. मागणीचा अर्ज टपालात पडला पाहिजे, नुसती चर्चा करून उपयोग नाही.

आणि कोणी संस्थेत जाणारच असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. आधी वैद्यकीय तपासणी, मग फी. डोळे, कान, रंग ओळखणे यांत अडचण निघाली तर भरलेले पैसे परत मिळवताना दमछाक होते. संस्था महासंचालनालयाच्या मान्य यादीत आहे का व तिची श्रेणी काय, ते संकेतस्थळावर पाहा. उडती विमाने किती, शिकवणारे किती आणि विद्यार्थी किती, हे जागेवर जाऊन मोजा. विमाने कमी असली की तास रखडतात आणि खोलीभाडे वाढत जाते. पूर्ण फी एकदम देऊ नका, टप्प्याने द्या, प्रत्येक पैशाची पावती घ्या. शिवाय इंग्रजी सुधारा, रेडिओवर तीच भाषा चालते. मराठी माध्यमाचे म्हणून घाबरण्याचे कारण नाही, रोज अर्धा तास मोठ्याने वाचले तरी फरक पडतो.

त्या बंधूंनी रविवारी अनामत भरली नाही. प्लॉट जागेवर आहे. मुलीने एन.डी.ए.चा अभ्यास सुरू केला आहे, गणिताला आमच्या मंडळातील एक शिक्षक रोज संध्याकाळी तासभर बसतात. निवड होईल की नाही, आज कोण सांगणार? पण ती आता गच्चीवर जाते तेव्हा हात हलवत नाही. विमान कोणत्या दिशेने उतरते आहे आणि वारा कोठून आहे ते पाहते, आणि खाली येऊन वहीत लिहिते.

जय भीम.