नदीचा अहवाल आपल्या हाती कधी येणार?

स्वच्छतेत इंदूरचा पहिला क्रमांक २०१७ पासून चालत आला, त्याचा आपल्यालाही अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ हा दर्जा मिळवणारे देशातले पहिले शहरही आपलेच. नदीत सुटणारी हजारो घरांची सांडपाण्याची तोंडे बंद करून गटारवाहिनीला जोडली गेली, हे काम खोटे नव्हे. पण कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभे राहून कान्हचे पाणी ओंजळीत घेण्याची छाती आज कुणाची होईल? आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळून माणसे दगावली, तेव्हा प्रमाणपत्र भिंतीवरच होते.

पाणी मोजलेच जात नाही, असे कुणी म्हणू नये. केंद्रीय मंडळाने १९७८ पासून देशभर नद्यांची तपासणी चालवली आहे आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ इथले नमुने घेते. कान्ह आणि क्षिप्रा या दोन्ही नद्या २०१८ च्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आल्या त्या याच आकड्यांवरून. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी ३ च्या वर नको, असा निकष आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू. घाण जितकी जास्त तितका हा आकडा मोठा. आता सांगा, आपल्या पुलाखालचा आकडा किती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

खरी अडचण जमिनीखाली आहे. माळव्याची जमीन काळ्या खडकाची. पाणी वरच्या मुरमातून झिरपते आणि खडकाच्या भेगांतून वाट काढते. पूर्वी विहिरींचे झरे नदीला जाऊन मिळत. आता नाल्याकाठी बोरिंग चालू केले की उलटे होते, पंप नाल्याचे पाणीही आपल्याकडे ओढतो. वास येत नाही, रंग दिसत नाही, पण त्यात नायट्रेट उतरते. त्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळ विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पण गुणवत्तेचे नमुने प्रामुख्याने पावसाळ्याआधी घेतले जातात. पहिल्या पुराने गटारे उपसून काढली, त्यानंतरच्या आठवड्यात विहिरीत काय उतरले हे त्यातून कसे कळणार?

आमच्या आईच्या घराचे बोरिंग नाल्यापासून पन्नास पावलांवर. दोन वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात अर्ज केला, की या परिसराचा भूजलाचा अहवाल द्यावा. तीन खेपांनंतर एक कागद मिळाला, त्यात नदीवरच्या एकाच ठिकाणाचा आकडा होता, तोही आदल्या वर्षीचा. विहिरीचा उल्लेखच नाही. बाबूसाहेब म्हणाले, “नर्मदेचा नळ आहे ना घरी, मग बोरिंगची काळजी कशाला?”

इथेच आपली चूक झाली. १९७० साली याच शहराने नर्मदेसाठी आंदोलन केले, मराठी वस्त्याही त्यात मागे नव्हत्या. १९७८ मध्ये जलूदहून पाणी आले आणि त्या दिवसापासून घरच्या विहिरीला वाली उरला नाही. पण नळ एक दिवसाआड येतो आणि उन्हाळ्यात टँकर भरतात ते बोरिंगवरच. खाली सांवेरचा शेतकरी तर कान्हचेच पाणी भाजीला देतो. ती भाजी आपल्याच मंडईत येते.

२०२८ चा सिंहस्थ जवळ आला आहे. उज्जैनच्या घाटांवर कान्हचे पाणी पोचू नये म्हणून ते बंद नळातून घाटांच्या पलीकडे नेण्याची योजना आखली गेली. २०१६ च्या सिंहस्थालाही पाणी असेच वळवले होते. भाविकांच्या दृष्टीने ठीक, पण त्याने इंदूरच्या विहिरींना काय मिळाले? पाणी वळवले म्हणजे शुद्ध झाले, असे कुणी समजू नये.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. नदीचे आणि तिच्या काठच्या विहिरींचे नमुने एकाच दिवशी घेतले जावेत, मे महिन्यात एकदा आणि पहिल्या पुरानंतर पुन्हा. कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्राच्या वर आणि खाली, तसेच सांवेर रोडच्या कारखान्यांच्या पुढे, अशी ठिकाणे ठरवून द्यावीत. निकाल वॉर्डाच्या फलकावर ठिकाणाच्या नावासह लावावा. निगमच्या निवडणुका २०२२ मध्ये झाल्या, म्हणजे पाच वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा फलक लावणार का एवढेच विचारावे. रस्ता आणि दिव्याचे आश्वासन तो न विचारताही देईल.

तोवर आपण हात बांधून बसायचे कारण नाही. ज्यांच्या घरी विहीर किंवा बोरिंग आहे त्यांनी घराचा वॉर्ड आणि नाल्यापासूनचे अंतर मंडळाच्या कार्यालयात नोंदवावे. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. त्यामुळे मोटारसायकल असलेल्या चार तरुणांचीही गरज आहे.