वेगाच्या शेजारी तापमानही लिहा

गेल्या सत्रात आमच्या कॉम्प्युटर क्लबने आंतर-हाउस स्पर्धा घेतली. एका माजी विद्यार्थ्याने क्लबला दिलेले चार एकसारखे जुने डेस्कटॉप होते. प्रत्येकात इंटेलचा २०११ सालचा कोअर आय५-२५००के हा प्रोसेसर. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. नावातल्या 'के'चा अर्थ असा, की त्याचा मल्टिप्लायर खुला असतो आणि बायोसमध्ये जाऊन वेग वाढवता येतो. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ज्या हाउसचा आकडा सर्वांत मोठा ते हाउस पहिले, एवढाच नियम होता. आम्ही ४.५ पर्यंत गेलो आणि पहिले आलो. मशीनवर मीच बसलो होतो, म्हणून मीच सांगतो: तो नियम चुकीचा होता आणि आमचे यशही अर्धेच खरे होते.

आकड्याचा फोटो मशीन सुरू झाल्यावर दोनच मिनिटांत काढला गेला. तेव्हा प्रोसेसरला काही कामच नव्हते. फेब्रुवारीची संध्याकाळ होती, खोलीही थंड होती. पुढे एप्रिलमध्ये, भर दुपारी, वार्षिक दिनाच्या व्हिडिओचे काम त्याच मशीनवर लावले. काही मिनिटांतच तापमान ९८ अंशांवर पोहोचले. ही या प्रोसेसरची मर्यादा आहे. तिथे तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो, आणि तसेच झाले. ज्या हाउसने ४.१ वर समाधान मानले होते, त्यांच्या मशीनने तेवढेच काम आमच्याआधी संपवले.

असे का होते, हे फिजिक्सच्या तासाला शिकलेल्या गुणाकाराने समजते. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आम्ही वेग ३.३ वरून ४.५ केला आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले. हिशेब केला तर वेग वाढला सुमारे १.३६ पट, पण उष्णता सुमारे १.७ पट. पंखा आणि हीटसिंक मात्र तेच, आणि त्यावर धूळही तीच.

काही मित्र म्हणतात, "प्रोसेसर स्वतःला वाचवतोच, मग आपण कशाला बघायचे?" मला हे पटत नाही. ती शेवटची तटबंदी आहे. रोज तिथपर्यंत जायचे असेल तर वाढवलेला वेग मिळतच नाही, आणि जास्त व्होल्टेज व जास्त उष्णता यांनी चिपचे आयुष्यही कमी होते. उलट काही जण म्हणतात की ओव्हरक्लॉकिंगवर बंदीच घालावी. तेही मला पटत नाही. जुन्या मशीनवर हात चालवल्याशिवाय आम्ही हे काहीच शिकलो नसतो.

मी हा प्रकार क्लबच्या सरांना सांगितला तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मग नियम काय असावा?" माझे उत्तर असे आहे.

वेग एकदम वाढवू नये. १०० मेगाहर्ट्झच्या एकेका पायरीने वाढवावा. प्रत्येक पायरीला प्राइम९५ सारखा जड भार अर्धा तास चालू ठेवावा आणि शेजारी कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो उघडे ठेवावे. चारही कोअरपैकी सर्वांत गरम कोअरचे सर्वोच्च तापमान लिहावे, सरासरी नव्हे. ८५ अंश ओलांडले की ती पायरी बाद.

सोबत खोलीचे तापमानही लिहावे. हे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. परदेशातले व्हिडिओ बघून आपण आकडे ठरवतो, पण त्यांची खोली २० अंशांवर असते. आपली खोली ३५ अंशांवर असेल तर तोच प्रोसेसर, तोच पंखा असूनही साधारण तेवढेच १५ अंश वर चढतात. फेब्रुवारीत पास झालेले मशीन मे महिन्यात नापास होऊ शकते. म्हणून उन्हाळ्यात चाचणी पुन्हा घ्यावी.

क्रॉस कंट्रीत पहिल्या दोनशे मीटरला पुढे असलेल्या कॅडेटला कोणी पदक देत नाही. वेळ शेवटच्या रेषेवर मोजतात. मशीनलाही हाच न्याय लावावा.

ट्रॉफी अजून आमच्या कॉमन रूममध्ये आहे. पुढच्या सत्रात नव्या नियमाने स्पर्धा झाली आणि ती दुसऱ्या हाउसकडे गेली, तर मला वाईट वाटेल. पण त्या वेळी फळ्यावर वेगाच्या शेजारी तापमानही लिहिलेले असेल, आणि तो निकाल कोणालाही तपासून पाहता येईल.