डिवचण्याचा अधिकार आणि तालुक्याची गावे

कलावंताला सत्ताधाऱ्यांस डिवचण्याचा अधिकार आहे काय, हा आपल्याकडे बहुधा मुंबई-पुण्याचा प्रश्न मानला जातो. नाट्यगृहे तिथे, प्रकाशक तिथे, वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्या तिथे. म्हणून वादही तिथलेच. आम्ही हे सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावातून लिहीत आहोत आणि आमचे म्हणणे उलट आहे. या अधिकाराची खरी परीक्षा मोठ्या शहरात होत नाही. जिथे गाणारा, ज्याच्यावर गाणे रचले तो आणि गुन्हा नोंदवून घेणारा ठाणे अंमलदार एकाच बाजारपेठेतून ये-जा करतात, अशा गावात ती होते.

या प्रश्नाने अलीकडे जे वळण घेतले, त्यात सिल्लोडचा थोडा वाटा आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. आमचे आमदार अब्दुल सत्तार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि पुढे राज्याचे कृषिमंत्री झाले. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. आरोप सिद्ध झालेला नाही आणि ज्यांच्यावर तो झाला त्यांनी तो नाकारला आहे, हे स्पष्ट नोंदवून ठेवतो. परंतु घोषणा म्हणून ती यमकामुळे, नेमक्या आकड्यामुळे आणि तोंडात सहज बसण्यामुळे राज्यभर गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच खोक्यांच्या प्रश्नावर उत्तर देताना सत्तारांनी खासदार सुप्रिया सुळे यांच्याविषयी अपशब्द वापरला. गदारोळ झाला, दिलगिरी व्यक्त झाली आणि मंत्रिपद कायम राहिले.

आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहावी. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा तरुण रॅपर राज मुंगासे याने त्याच खोक्यांवर एक गाणे रचून समाजमाध्यमांवर टाकले. गाण्यात कोणाचेही नाव नव्हते, पक्षाचेही नव्हते. तरीही सत्ताधारी पक्षाच्या युवा शाखेतून तक्रार झाली आणि अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरवर ‘भोंगळी केली जनता’ या गाण्यासाठी मुंबईत वडाळ्याला गुन्हा नोंदवला गेला. मंत्र्याने नाव घेऊन बोललेले शब्द दिलगिरीवर मिटतात आणि नाव न घेता गाणाऱ्या पोराला जामिनासाठी वकील शोधावा लागतो, हा विरोधाभास आम्हांला या साऱ्या प्रश्नाचा गाभा वाटतो. शिवाय नाव नसताना तक्रारदारांना आपला नेता त्या गाण्यात दिसला कसा, याचे उत्तर चोराच्या मनातल्या चांदण्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

नाव न घेता डिवचण्याची रीत काही रॅपबरोबर परदेशातून आलेली नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणचे एकनाथ सोळाव्या शतकात भारुडे रचत होते. त्यांचे ‘अर्जदस्त’ हे दरबारी अर्जाच्या फारसीमिश्रित भाषेचा घाट घेते आणि त्या कचेरीच्या भाषेलाच विनोदाचा विषय करते. तमाशातला सोंगाड्या बतावणीत पाटील-कुलकर्ण्यांची उडवीत असे आणि पहिल्या रांगेत बसलेला पाटील हसत असे, निदान हसल्यासारखे करीत असे. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी हीच हत्यारे जातिव्यवस्थेवर चालवली. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. महाभारतातली कथा, महाभारतातलीच पात्रे. पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले. सरकारनेही ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. तेव्हाचे सरकार परके होते, एवढाच काय तो फरक.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. खाडिलकरांचे नाटक ही कला होती. आजचे गाणे किंवा विनोदाचा कार्यक्रम ही निव्वळ शिवीगाळ आहे, तिला कलास्वातंत्र्याचे छत्र कशाला? आमचे उत्तर असे की, कला चांगली की वाईट हे ठरवण्याचे काम समीक्षेचे आहे, फौजदाराचे नव्हे. ज्या दिवशी पोलीस ठाण्यात अभिरुचीची परीक्षा सुरू होते, त्या दिवशी समीक्षकाने आपली दुकानदारी आवरावी. मुंगासेच्या गाण्यातली प्रतिमासृष्टी आम्हांस सामान्य वाटते, हे सांगायला आम्हांला संकोच नाही. परंतु सामान्य गाणे रचण्याचा अधिकार नसेल तर असामान्य गाणे कोठून यावे? शंभर कच्च्या लावण्यांखेरीज एक पक्की लावणी होत नसते.

दुसरा आक्षेप श्रद्धास्थानांचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. त्यासाठी मराठवाड्यातलेच उदाहरण घेतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ साली पोस्टरच्या रूपात प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंतर्गत पत्रिकेत देविदास तुळजापूरकर यांनी ती छापली. पत्रिका सभासदांपुरती होती. तरी पतितपावन संघटनेच्या एका कार्यकर्त्याच्या तक्रारीवरून लातूरला गुन्हा दाखल झाला. समाजात तेढ निर्माण केल्याचा आरोप टिकला नाही, अश्लीलतेचा उरला. लातूरचे न्यायालय, औरंगाबाद खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालय असा प्रवास करत १४ मे २०१५ रोजी निकाल लागला. अगोदरच क्षमायाचना केलेली असल्याने प्रकाशक आणि मुद्रक सुटले. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगण्यात आले. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली असेल तर प्रचलित सामाजिक मानदंडांची कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागेल, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या निकालाविषयी आमचे मत आदरपूर्वक पण स्पष्टपणे भिन्न आहे. त्या कवितेचा रोख गांधींवर नाही, गांधींचे नाव घेऊन पोट भरणाऱ्यांवर आहे. जो जिवंत आहे आणि खुर्चीवर आहे तो स्वतःच्या बचावासाठी नेहमी मृत महापुरुषाच्या आड उभा राहतो. म्हणून महापुरुषाची प्रतिमा हाताळल्याखेरीज त्याच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. महापुरुषांभोवती कायद्याचे वेगळे कुंपण घातले की त्या कुंपणात आधी आश्रय कोण घेतो, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. १९९४ ते २०१५ ही एकवीस वर्षे होतात. शिक्षा कोणालाही झाली नाही असे कोणी म्हटले, तर ही एकवीस वर्षे काय होती, हा प्रश्न आम्ही विचारू.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, प्रामाणिकपणाची आहे. हा दोष एका पक्षाचा नाही. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. सप्टेंबर २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांच्यावरचे व्यंगचित्र पुढे पाठवले म्हणून कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली, तेव्हा मुख्यमंत्री खुद्द ठाकरे होते. ज्या पक्षाची पाळेमुळे १९६० सालच्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकात आहेत, त्याच्या कार्यकर्त्यांनी व्यंगचित्रासाठी हात उगारावा, याहून मोठे व्यंगचित्र कोण काढणार? मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे हिला शरद पवारांवरील पद्यरूप मजकूर समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल अटक झाली आणि चाळीसेक दिवस तुरुंगात काढावे लागले. तो मजकूर आम्हांला हीन वाटला, आजही वाटतो. पण हीन वाटणे आणि तुरुंगात टाकणे यांत जे अंतर असते, तेच स्वातंत्र्याचे अंतर आहे. चितळेच्या वेळी गप्प बसलेले अनेक जण मुंगासेच्या वेळी संविधानाचा दाखला देत होते आणि मुंगासेच्या वेळी गप्प बसलेल्यांनी चितळेच्या वेळी तोच दाखला दिला होता. आपल्या बाजूच्या गाण्यापुरते मागितलेले स्वातंत्र्य म्हणजे सवलत झाली, अधिकार नव्हे.

मग या अधिकाराला सीमा नाही काय? आहे, आणि ती आम्ही दोन ठिकाणी मानतो. एक, प्रत्यक्ष हिंसेला दिलेली चिथावणी. दुसरी, सत्ता नसलेल्या समूहाला माणूसपणातून वजा करणारी भाषा. डिवचणे खालून वर जाते तेव्हा ते व्यंग असते. वरून खाली येते तेव्हा तो बहुधा धाक असतो. जलशाने भटशाहीची टर उडवणे आणि एखाद्या वस्तीसमोर जमावाने तिला लाजवणारे गाणे डीजेवर लावणे, या दोन्ही गोष्टींना एकच ‘अभिव्यक्ती’ म्हणणे आम्हांस मान्य नाही. मंत्री, आमदार, पक्षप्रमुख हे दुर्बल समूह नव्हेत, आणि त्यांच्या भावना म्हणजे सार्वजनिक शांतता नव्हे.

कायदाही तत्त्वतः हेच सांगतो. १९४६-४७ च्या सुमारास नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी एक कसोटी घालून दिली: शब्दांचा परिणाम दुर्बळ आणि डळमळीत मनाच्या माणसावरून मोजू नये, समंजस आणि खंबीर माणसावरून मोजावा. ‘तमस’ मालिकेच्या वेळी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच मानली. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुन्हा रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ती पुन्हा अधोरेखित केली. आणि तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अशा शब्दांच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीचा मार्ग नव्या कायद्यात आहे, याची पोलिसांना आठवण दिली. त्याच आठवड्यात मुंबईत काय चालले होते? एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतासाठी कुणाल कामराचा कार्यक्रम जिथे चित्रित झाला, त्या खारच्या ‘हॅबिटॅट’ची २३ मार्चला मोडतोड झाली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक बांधकाम तोडायला पोहोचले. गाणाऱ्याचा गुन्हा शाबीत होण्याआधी जागेला शिक्षा झाली.

आमच्यासारख्या गावांना यातून मिळणारा धडा हाच आहे. कामराकडे प्रेक्षक आहेत, वकील आहेत, मद्रास उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत आहे. तालुक्याच्या गावात गाणाऱ्या पोराकडे एक मोबाईल असतो. त्याला गप्प करायला कायदाही लागत नाही. मंगल कार्यालयाचा मालक तारीख देत नाही, लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज फिरत राहतो, फ्लेक्स छापणारा दोन दिवसांनी या म्हणतो, आणि घरचे म्हणतात, कशाला त्या भानगडीत पडतोस. यातले काहीच कोणत्या न्यायालयात जात नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. जे गाणे रचलेच गेले नाही त्याच्यावर गुन्हा कसा दाखल होणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. शब्दांवरची तक्रार आली की ठाण्याने आधी प्राथमिक चौकशी करावी. सार्वजनिक सभागृह आणि मैदान सत्ताधारी व विरोधक, कीर्तनकार व रॅपर यांना एकाच नियमाने मिळावे. आणि आम्ही लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी, ज्याचे गाणे आपल्याला आवडले नाही त्याच्यासाठीही एकदा ठाण्याच्या पायरीवर उभे राहावे. आवडत्या गाण्यासाठी उभे राहणे ही रसिकता झाली. नागरिकत्व नावडत्या गाण्यापासून सुरू होते.